आजाआजींचा एकनाथ

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस गोदेच्या तीरीं पैठण आहे. तेथील संत एकनाथांचें नांव ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा वाचक आमच्या खेड्यापाड्यांत विरळाच. त्यांचीं भारुडें, त्यांचें भागवत, १५८४ सालीं त्यांनीं शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आज आम्हांस प्रिय वाचकांपुढें एकच गोष्ट ठेवावयाची आहे. ती ही कीं, हें पोरकें मूल आजाआजींनीं वाढविलें.

एकनाथांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा. पिता सूर्यनारायण व माता रुक्मिणी हीं दोघेंही मूल तान्हें असतांनाच निवर्तलीं. त्यांतून जन्म मूळ नक्षत्रावरचा! मूळावरचें मूल आईबापांच्या मुळावर येतें ही समजूत त्या काळीं दृढ होती आणि, खरें सांगावयाचें तर, आमच्या गांवांतून ती अद्याप समूळ गेलेली नाहीं. आईवेगळ्या लेकराकडे पाहून कुजबुजणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. पुढें एकनाथांनीं आपल्या एका अभंगांत या मूळाचा उल्लेख केला आहे. तेव्हां तें बोलणें त्यांच्याही कानीं आलें असावें.

पण आजा चक्रपाणि व आजी सरस्वतीबाई यांनीं नातवास अपशकुनी मानिलें नाहीं. मुलगा व सून गमावून बसलेल्या त्या म्हाताऱ्यांनीं, विसाव्याच्या वयांत, पुन्हां पाळण्याची दोरी हातीं घेतली. यथाकाळ मुंज केली, विद्वानाकडून विद्या शिकविली.

आणि बाराव्या वर्षीं हा मुलगा कोणास न सांगतां घरून निघून गेला! तो देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे पोहोंचला. चरित्रकार या गुरुभक्तीची थोरवी गातात, ती गावी. आमचें मन मात्र पैठणच्या त्या रित्या घराकडे जातें. लेक गेला तेव्हां निदान कोठें गेला हें तरी ठाऊक होतें. नातवाचा पत्ताच नाहीं. महिपतीनें १७७४ सालीं पुऱ्या केलेल्या भक्तलीलामृतांत हें वृत्त आहे. (त्यांतील एकनाथचरित्राचें इंग्रजी भाषांतर मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलें.) परंपरा सांगते कीं, वृद्ध चक्रपाणींनीं अखेर शोध लावून स्वामींचें आज्ञापत्र मिळविलें व तें जवळ जपून ठेविलें. पुढें तीर्थयात्रा करून एकनाथ पैठणास आले, तरी घरीं न जातां देवळांत उतरले. आज्यानें त्यांस गांठून तें पत्र हातीं दिलें. लग्न करून येथेंच राहावें अशी त्यांत आज्ञा होती. जेथें पत्र वाचलें तेथेंच ते राहिले, आणि गिरिजाबाईंशीं त्यांचा विवाह आजाआजींनीं डोळे भरून पाहिला.

ज्यास दुसऱ्यांनीं उचलून घेतलें, त्यानेंही पुढें दुसऱ्यांचीं मुलें उचललीं. गोदेच्या वाळवंटांत भर दुपारीं एक महाराचें लेंकरू आईच्या मागें पडून, पाय भाजून रडत होतें. एकनाथांनीं तें कडेवर घेतलें, त्याचें नाक पुसलें व महारवाड्यांत आईच्या हातीं नेऊन दिलें. चारशें वर्षांपूर्वींच्या ब्राह्मणास हें किती महाग पडलें असेल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

त्याहून आम्हांस गावबाची गोष्ट प्रिय आहे. हा एका विधवेचा मुलगा; पुरणपोळीचा हट्टी, लोकांच्या दृष्टीनें मंद. आईनें त्यास एकनाथांकडे आणून सोडिलें, व गिरिजाबाईंच्या स्वयंपाकघरांत तो घरचाच होऊन राहिला. मंत्र द्यावयास गेलें तर त्याच्या तोंडीं "एकनाथ" हा एकच शब्द! घरांत हरिपंडित हा औरस पुत्र होता, मोठा शास्त्री. बापाची प्राकृत पुराणें व कोणाच्याही घरीं जेवणें न रुचून तो कांहीं काळ रुसून काशीस जाऊन राहिला. १५९९ सालीं एकनाथांनीं देह ठेविला तेव्हां भावार्थ रामायण युद्धकांडांत अपुरें राहिलें होतें. तें ज्यानें पुरें केलें असें पैठणकर सांगतात, तो हा पुरणपोळीचा गावबा.