जिभेला माळ केव्हा?

संस्कृतात द्विज हा शब्द तिघांना लागतो : पक्षी, दात आणि उपनयन झालेला त्रैवर्णिक. अंडे फोडून पक्षी दुसऱ्यांदा जन्मतो, दुधाचा दात पडून त्या जागी दुसरा येतो आणि मुंजीच्या संस्काराने बटूला दुसरा जन्म लाभतो, अशी ही कल्पना आहे. पहिल्या दोहोंचा पुरावा डोळ्यांना दिसतो. पक्षी उडतो, दात चावतो. तिसऱ्याचा पुरावा कोणता? ख्रिस्ती शास्त्रालाही हा प्रश्न चुकलेला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा विद्वान रात्रीच्या वेळी येशूकडे येतो आणि वृद्ध माणसाने पुन्हा जन्मावे तरी कसे, असे विचारतो. आज येशूचा जन्मोत्सव आहे. त्या निमित्ताने या दुसऱ्या जन्माचा थोडा विचार करू.

हा प्रश्न आम्हांस प्रथम टोचला तो भिवापुरात. काही वर्षांपूर्वी सप्ताहाच्या कीर्तनासाठी आम्ही तेथे गेलो होतो. नागपूर-नागभीड मार्गावरील छोटी गाडी तेव्हा चालू होती. दिवस मिरचीच्या हंगामाचे होते. लाल राशींवर बसून बाया देठ खुडत होत्या आणि वाऱ्यासरशी सारे गाव ठसकत होते. काल्याच्या दिवशी काही मंडळींनी तुळशीची माळ घातली. लोकांनी त्यांचे कौतुक केले, आम्हीही केले. बुक्का लावून घेण्यास एक प्रौढ बाई पुढे आल्या. देठ खुडून त्यांची बोटे लाल झाली होती. त्यांनी हळूच विचारले की, धन्याने मागच्या सप्ताहात माळ घातली, मांसमच्छी सोडली, कपाळी गंध आले. पण महाराज, त्यांच्या जिभेला माळ केव्हा पडेल? घरात शिव्या त्याच आणि हातही तोच. आम्ही नामाचा महिमा सांगून वेळ मारून नेली. परतीच्या गाडीत मात्र आमच्या मनाला स्वस्थता नव्हती, आणि त्या गाडीतच आम्हांस नारायण वामन टिळक आठवले. त्यांच्या दुसऱ्या जन्माचा आरंभही नागपुराहून पूर्वेकडे निघालेल्या अशाच एका आगगाडीत झाला होता.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगाव येथे झाला. वडील कडक शिस्तीचे, आई भाविक आणि काव्याची आवड असलेली. आई लवकर गेली आणि मुलगा घर सोडून नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. महाराष्ट्र तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतो. प्रतिभा विलक्षण, वक्तृत्व ओघवते, स्वभाव उदार. पण राग क्षणात भडके. नोकरी टिकत नसे. न सांगता घरातून निघून जाणे, हातचे कोणालाही देऊन टाकणे आणि घरात उद्याची भ्रांत ठेवणे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. १८९१च्या सुमारास ते नागपुरास आले. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करू लागले. हिंदू धर्माची चर्चा करणारे ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. जातिभेद नसलेला, एका ईश्वराला भजणारा धर्म देशाला हवा, असा ध्यास त्यांना त्या काळातच लागला होता.

१८९३ साली नोकरीच्या शोधात ते राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी संस्कृत काव्याविषयी आस्थेने संभाषण केले, निरोप घेताना नवा करार हाती दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. टिळक वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी येऊन ते थबकले. शत्रूवर प्रेम करण्याची ती शिकवण त्यांना सोडीना. दोन वर्षे मनात झुंज चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. पत्नीला त्यांनी याची पूर्वकल्पना दिली नव्हती. नव्या जन्माचा पहिला दिवस जुन्याच खोडीने उजाडला, असे म्हणणे भाग आहे. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील काही काळ तर पंढरपुरात गेला. समाजाने टिळकांना टाकले. त्या दिवशी कोणी आम्हांस विचारले असते की हा मनुष्य बदलला का, तर आम्ही नाही म्हटले असते.

बदल दिसला तो पुढे, सावकाश. पत्नीला सक्तीने ओढून आणण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरास त्यांच्याजवळ आल्या, त्या आपला धर्म न सोडता. त्यांचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी ते चालू दिले. जो मनुष्य पूर्वी एका शब्दासरशी घर सोडून जाई, तो आता आपल्याच घरात परका म्हणून वागविला जात असता घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी जातिभेद टाकला तो स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःच्या इच्छेने.

बाह्यतः टिळकांनी फारसे काही पालटले नाही. नाव तेच ठेवले, वेष देशी, भाषा मराठी. ख्रिस्ती उपासनेत तोवर परकीय चालींवरची भाषांतरित गीते बरीच चालत. टिळकांनी तिला अभंग, ओवी, पद आणि कीर्तन दिले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. त्यांच्या घरी अनाथ मुले वाढली, गरजू विद्यार्थी जेवले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, नगरास त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. ते हिंदूच राहिले आणि टिळक दांपत्याच्या मायेत त्यामुळे उणे आले नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनचे काम सोडले आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा साऱ्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला.

त्यांचा राग गेला का? पुरता गेला नाही. ही साक्ष लक्ष्मीबाईंचीच आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा तापटपणा, विसराळूपणा आणि अव्यवहार काही लपविलेले नाही. परंतु ते सारे सांगताना त्या हसतात, आणि आमच्या मते पुरावा आहे तो त्या हसण्यात. जिचा संसार एकदा त्याच हातांनी मोडला होता, ती स्त्री भय न बाळगता, कडवटपणा न ठेवता त्या पुरुषाविषयी लिहिते. इतकेच नव्हे, तर त्याने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्यासाठी शाळेचे तोंड न पाहिलेली ती माउली अध्यायामागून अध्याय रचते. नवा जन्म झाला की नाही, हे सांगण्याचा पहिला अधिकार मंडपातल्या श्रोत्यांचा नव्हे, घरातल्या माणसांचा आहे.

कीर्तनकाराने ख्रिस्ती पुरुषाचे चरित्र का गावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, माळ असो वा बाप्तिस्मा, तो दुसऱ्या जन्माचा मुहूर्त आहे. मुहूर्ताने लग्न लागते. संसार रोज करावा लागतो.

भिवापुराहून घरी परतल्यावर त्या बाईंचा प्रश्न आम्ही आपल्या गृहिणीस केला. पन्नास वर्षांपूर्वी माळ घातलेल्या या जिभेला माळ पडली आहे काय? त्या क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या आणि मग तांदूळ निवडू लागल्या. त्या मौनाचा अर्थ आम्हांस कळला. तेव्हापासून पुढच्या सप्ताहांत ज्यांस आम्ही माळ घालतो, त्यांना एवढेच सांगतो की, वर्षाने परत या, आणि येताना घरच्या लक्ष्मीला बरोबर आणा. विचारायचे ते आम्ही तिलाच विचारू.