बुद्धिबळपटू सुलतान खान

पंजाबातील मिठा टिवाना या खेड्यात विसाव्या शतकाच्या आरंभी सुलतान खान यांचा जन्म झाला. वडिलांनी त्यांना बालपणीच बुद्धिबळ शिकविले. तो खेळ देशी पद्धतीचा. त्यात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. युरोपात मात्र त्याला दोन घरे जाण्याची मुभा. त्यामुळे डावाची सारी मांडणीच निराळी!

सर उमर हयात खान या जमीनदारांनी या तरुणाचे बुद्धिवैभव हेरले व त्याला पदरी ठेवून युरोपीय पद्धतीचा खेळ शिकविण्याची व्यवस्था केली. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकून सुलतान खान पुढील वर्षी धन्याबरोबर विलायतेस गेले. तेथील खेळाडू आरंभीच्या खेळ्या ग्रंथांतून घोकून येत. सुलतान खानांपाशी ती शिदोरी नव्हती. त्यांचा डाव आरंभी बहुधा अडचणीत सापडे. पण पटावरील मोहरी विरळ होऊ लागली, की त्यांची चिकाटी प्रतिस्पर्ध्याला घाम फोडी. त्याच वर्षी रॅम्सगेट येथे ते ब्रिटिश अजिंक्यवीर झाले. १९३२ व १९३३ मध्येही तो मान त्यांनी मिळविला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत तर त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांनाच हरविले.

एवढे यश मिळूनही ते आश्रितच होते. १९३३ च्या अखेरीस धनी मायदेशी परतले. त्यांच्यामागून सुलतान खानही परतले आणि युरोपातला तो पट कायमचा मिटला. १९५० मध्ये ग्रँडमास्टर ही पदवी देण्यास प्रारंभ झाला. ती त्यांच्या वाट्यास आली नाही. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केले, ते २०२४ मध्ये.