किंडरगार्टनचा जनक फ्रोबेल

जर्मनीतील थुरिंगिया हा वनराजीने नटलेला डोंगराळ प्रदेश. तेथील ओबरवाइसबाख या गावी २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रीड्रिख फ्रोबेलचा जन्म झाला. तो नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई निवर्तली. वडील धर्मोपदेशक, त्यांना मुलाकडे पाहण्यास सवड नसे. सावत्र आईची मायाही फार दिवस टिकली नाही. घराच्या बागेतील झाडेझुडपे हेच त्या एकाकी बालकाचे सोबती झाले.

पुढे तो शिक्षक झाला. स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझी या थोर शिक्षणतज्ज्ञाच्या सहवासात त्याने दोन वर्षे काढली. त्या काळी लहान मुलांसाठी काही संस्था होत्या. परंतु आईबाप कामावर गेले असता मुलांची राखण करावी, एवढाच त्यांतील बहुतेकींचा हेतू असे. फ्रोबेलचे तेवढ्याने समाधान होईना. १८३७ साली त्याने ब्लांकेनबुर्ग येथे चिमुकल्यांसाठी संस्था काढली. तेथे मुले लोकरीच्या चेंडूंशी व लाकडी ठोकळ्यांशी खेळत, गाणी म्हणत, बागेतील आपापल्या वाफ्यांची निगा राखीत. माळी रोपटे ओढून उंच करीत नाही. तो त्याला पाणी घालतो आणि वाट पाहतो. शिक्षकानेही तसेच करावे, असे फ्रोबेलचे मत होते. म्हणून १८४० साली त्याने या शाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले.

ऑगस्ट १८५१ मध्ये मात्र त्याच्यावर वज्राघात झाला. किंडरगार्टनमधून नास्तिकपणा व समाजवाद पसरतो, असा ठपका ठेवून प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली. फ्रोबेलच्या पुतण्याच्या लिखाणाचा दोष चुकून काकाच्या माथी मारला गेला होता. पण चेंडू खेळणाऱ्या बालकांचे बलाढ्य राजसत्तेला भय वाटावे, हे नवलच नव्हे काय? वृद्ध फ्रोबेलने राजाकडे दाद मागितली. ती व्यर्थ गेली. २१ जून १८५२ रोजी त्याचे देहावसान झाले, तेव्हा बंदी कायमच होती. घन, नळकांडे व गोल एकावर एक रचून त्याची समाधी उभारण्यात आली.

प्रशियाने ही बंदी १८६० साली उठवली. तोवर ही कल्पना देशाबाहेर पोहोचली होती. जर्मनीतून परागंदा झालेल्या एका दांपत्याने १८५१ सालीच लंडनमध्ये किंडरगार्टन सुरू केले. अमेरिकेत सेंट लुइस शहराने १८७३ साली ते सार्वजनिक शाळेतच सुरू केले. जपान सरकारने तर १८७६ साली टोकियोच्या महिला अध्यापन विद्यालयाला किंडरगार्टन जोडले, आणि फ्रोबेलचे चेंडू व ठोकळे जपानी बालकांच्या हाती पडले.