माळ्यावरची अडगळ आणि केळकरांचा राजा

दिवाळीआधी माळा आवरायला काढला की आमच्या दिघीत मोडवाल्याची चंगळ असते. काळवंडलेली समई, बोथट विळी, खिळखिळा अडकित्ता, सगळं त्याच्या तराजूत! मीही एकदा सासूबाईंची पितळी वजरी अशीच देऊन टाकली. टाचा घासायची ती वस्तू, आता कोण वापरतंय? पुढे पुण्याला जाणं झालं आणि राजा केळकर संग्रहालयात काचेआड वजऱ्या मांडलेल्या दिसल्या. काळजात चर्र झालं.

मैत्रिणींनो, हे सगळं जमवलं एका माणसानं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०). व्यवसाय चष्म्याचा, पण पिंड कवीचा. ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहीत. इतिहासाच्या ओढीनं जुन्या वस्तूंचा नाद लागला. १९२० च्या सुमारास सुरुवात झाली. गावोगावी हिंडायचं, जुने वाडे धुंडाळायचे, पदरमोड करून वस्तू आणायच्या. त्यातही राजेरजवाड्यांच्या थाटापेक्षा दिवे, कुलपं, फण्या, कुंकवाचे करंडे, दौती, वाद्यं यांवर त्यांचा जीव. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातल्याच वस्तू की!

अशात एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. आईबापाला याहून मोठं दुःख कुठलं? पण केळकरांनी सगळा संग्रह त्या लेकराच्या नावे केला. पत्नी कमलाबाईंची साथ होतीच. घर वस्तूंनी भरत असताना संसार रेटणं किती कठीण, ते बाईलाच कळतं!

१९६० पर्यंत संग्रह पंधरा हजारांच्या घरात गेला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून तो इथे पुन्हा उभारला. १९७५ मध्ये हे सारं धन त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. आज वीस हजारांवर वस्तू आहेत. मांडायला जागा मात्र जेमतेम अडीच हजारांना.

बाजीराव रस्त्यावरची ती पाटी मी पुन्हा वाचली. राजा दिनकर केळकर. शाळेच्या हजेरीपटात असतं तसं मुलाचं पूर्ण नाव! शाळेत फार दिवस न गेलेलं ते पोर आजही तिथे हजर आहे. पाटीवर आईचं नाव नाही, पण आत करंड्या-फण्यांतून कितीतरी अनाम आया भेटतात.

माझी वजरी काही परत यायची नाही. पण यंदा माळा काढाल तेव्हा एवढं करा. वस्तू तराजूत टाकण्याआधी ती कुणाची, कशासाठी होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मुलांना सांगा. मग द्यायची की ठेवायची, ते ठरवा.