लंडनच्या कचेरीतील उमेदवार आणि आपला बोरघाट

वाचकहो, आपल्या मॉरिशसमध्ये उतारूंची आगगाडी १९५६ सालापर्यंत धावत होती. पोर्ट लुईहून क्युरपिपची चढण चढताना इंजिनाला लागणारी धाप ज्यांनी ऐकली आहे, अशी वडीलधारी मंडळी आता घरोघरी थोडीच उरली. ही आगगाडी येथे १८६४ साली सुरू झाली. त्याच्या एकच वर्ष आधी, १८६३ च्या एप्रिलात, आपल्या पूर्वजांच्या मुलखात सह्याद्री ओलांडणारा बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. तो घाट ज्यांनी आखला त्या जेम्स जॉन बर्कले यांची ओळख आज करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

इंजिनियर म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो डोंगरावर दुर्बीण लावून बसलेला साहेब. बर्कले यांचे खरे शिक्षण मात्र डोंगरावर नव्हे, टेबलाशी झाले. त्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनच्या हॉलोवे भागात झाला. किंग्ज कॉलेजात काही काळ शिकून १८३६ साली ते विकस्टीड नावाच्या अभियंत्याकडे उमेदवारीला राहिले. लंडनच्या पूर्व भागाला पाणी पुरविणाऱ्या कंपनीचे हे अभियंते मोठमोठ्या वाफेच्या पंपांचे जाणकार होते. यंत्रांचे ज्ञान बर्कले यांना तेथे मिळाले.

त्या काळची उमेदवारी कशी असे, हे सांगण्याजोगे आहे. इंग्लंडात इंजिनियरिंगची कॉलेजे नुकती कोठे निघू लागली होती. मुलाला या धंद्यात घालायचे तर बापाने नामांकित अभियंत्याला चांगली घसघशीत रक्कम मोजायची, करारपत्रावर सही करायची, आणि मुलाने त्याच्या कचेरीत काही वर्षे राबायचे. पगार बहुधा नाहीच. म्हणजे पैसे देऊन चाकरी! आमच्याकडे सोनाराच्या वा सुताराच्या हाताखाली पोर ठेवीत, पण त्याबद्दल कोणी थैली मोजल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आणि काम काय? तर नक्कल. थोरल्या माणसाने काढलेला नकाशा समोर ठेवून तो शाईने उतरवून काढायचा. एक रेघ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मग मोजणीदारांनी आणलेल्या वह्यांतील आकडे घेऊन जमिनीचा चढउतार कागदावर मांडायचा. कोठे किती माती उकरावी लागेल, ती कोठल्या भरावात जिरेल, पुलाला दगड किती, चुना किती, याची बेरीज करायची. शेवटी अंदाजपत्रक आणि मक्त्याच्या अटी. तरुण मुलांना हे काम कंटाळवाणे वाटत असणारच. आजही आपली मुले कचेरीत शिकायला लागली की पहिल्या महिन्यात हीच कुरकूर करतात.

१८३९ साली बर्कले रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कचेरीत आले. इंग्लंडच्या रेल्वेचे नकाशे तेव्हा वेस्टमिन्स्टरच्या ज्या थोड्या खोल्यांतून निघत, त्यांतली ही एक. पुढे १८४५ साली तिकडे रेल्वेचे वेडच पसरले. नव्या मार्गांचे आराखडे ३० नोव्हेंबरच्या आत सरकारात दाखल झाले नाहीत तर वर्ष फुकट, म्हणून शहरातील साऱ्या नकाशे काढणाऱ्यांची रात्रीची झोप उडाली. अशा दिवसांत माणूस दोन गोष्टी शिकतो: वेळेवर काम पुरे करणे, आणि घाईतही आकडा न चुकविणे. बर्कले यांनी नंतर ट्रेंट व चर्नेट खोऱ्यांतील रेल्वेंवर प्रत्यक्ष जागेवर काम केले. मुंबईच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला मुख्य अभियंता हवा झाला, तेव्हा स्टीफन्सन यांनी आपल्या या शिष्याचे नाव पुढे केले.

१८५० साली तिशीतले बर्कले मुंबईत उतरले. नाना शंकरशेट यांच्यासारखी मंडळी या रेल्वेसाठी आधीपासूनच झटत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली, ती कथा सर्वांस ठाऊक आहे. सपाटीवरचे ते काम. खरी परीक्षा घाटाची होती.

कोकणातून दख्खनच्या पठारावर सुमारे १,८३१ फूट चढायचे होते. बर्कले यांनी कित्येक वर्षे मोजण्या करविल्या आणि एकापेक्षा अधिक वाटा कागदावर उतरवून त्यांची तुलना केली. ठरलेला मार्ग पंधरा मैलांहून थोडा अधिक, त्यात २५ बोगदे, ८ मोठे पूल, आणि सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांस एक फूट. डोंगराच्या कडेला वळायला जागा नव्हती, तेथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट दिशेने वर चढायचे, अशी युक्ती त्यांनी योजिली. हे सारे प्रथम पट्टी, कंपास आणि शाईने सिद्ध झाले होते.

काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. १८६१ च्या सुमारास घाटात ४२ हजारांवर माणसे खपत होती. दोरीला लोंबकळून कड्यात सुरुंगाची भोके पाडणारे, पाट्या वाहणाऱ्या बाया, सारे गोरगरीब. १८५९ साली मजुरी थकली म्हणून दंगा झाला. पटकीने व तापाने हजारो माणसे दगावली. मक्तेदार फॅव्हिएल यांनी काम सोडले; त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून येऊन थोड्याच आठवड्यांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी मक्ता पुढे चालविला. दगडाचा आणि मातीचा हिशेब कचेरीत चोख होता. मेलेल्या मजुरांची नावे मात्र कोणत्याच वहीत नीट उतरली नाहीत. त्याच काळात कोकणातली आपली माणसे गलबतांवर चढून या बेटाकडे येत होती. त्यांचे कोणी भाऊबंद घाटात गेले असतील तर ते शोधायचे कोठे?

नकाशा चोख असला म्हणून बांधकाम चोख होतेच असे नाही. १८६७ साली घाटातला एक उंच दगडी पूल कोसळला. दोष निकृष्ट बांधकामाचा निघाला.

बर्कले यांना ते पाहावे लागले नाही. हिंदुस्थानच्या हवेने त्यांची प्रकृती ढासळली, ते विलायतेस परतले, आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी सिडनॅम येथे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. घाट सुरू होण्यास तेव्हा आठ महिने उरले होते. उद्घाटनाला गव्हर्नर बार्टल फ्रियर आले.

त्यांच्या नावाचे एक पारितोषिक मात्र मुंबई इलाख्यात इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवण्यात आले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली पहिला आलेल्या ज्या तरुणाने ते पटकाविले, त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.