प्रमथनाथ बोस : खनिज शोधणारा माणूस आणि खनिजावर उभं राहिलेलं शहर

भूगोलात खनिजांचा पाठ आला की मुलं नकाशात लोहखनिजाचे ठिपके रंगवतात आणि जमशेदपूर, भिलाई ही नावं पाठ करतात. पण हे ठिपके नकाशावर आले कुठून? ते मुलांना सांगायचं असेल तर प्रमथनाथ बोस यांचं चरित्र जरूर सांगा.

प्रमथनाथांचा जन्म 12 मे 1855 रोजी बंगालमधल्या गाईपूर या खेड्यात झाला. 1874 मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले. तिथे विज्ञानाची पदवी घेतली, खाणशास्त्राचं शिक्षण पूर्ण केलं आणि 1880 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात अधिकारी झाले. त्या काळी असं पद एखाद्या भारतीयाला मिळणं फार दुर्मीळ होतं. नर्मदेचं खोरं, मध्य प्रांत, आसाम असे प्रदेश त्यांनी पायाखाली घातले. आजच्या छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहराच्या डोंगरातलं लोखंड त्यांनीच नोंदवलं.

या नोंदीची पुढची गोष्ट आपल्या नागपुरात घडते. जमशेटजी टाटांना पोलाद कारखाना काढायचा होता. आधी त्यांचं लक्ष चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहाऱ्याकडे होतं. तिथलं लोखंड चांगलं, पण जवळच्या वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होईना. मग दोराबजी टाटांना नागपूरच्या संग्रहालयात एक भूवैज्ञानिक नकाशा दिसला आणि त्यावरून दुर्गकडचं लोखंड त्यांच्या नजरेत भरलं. मात्र तिथेही कोळसा आणि पाणी यांची अडचण आलीच.

दरम्यान खात्यात प्रमथनाथांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड यांना संचालक केलं गेलं. 1903 मध्ये प्रमथनाथांनी राजीनामा दिला आणि ओडिशातल्या मयूरभंज संस्थानात भूवैज्ञानिकाचं काम स्वीकारलं. गोरुमहिसाणीच्या डोंगरात त्यांना उत्तम लोहखनिजाचा मोठा साठा सापडला. 24 फेब्रुवारी 1904 रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून ते कळवलं. झरियाचा कोळसाही तिथून फार दूर नव्हता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत जमशेटजी गेले, पण दोराबजींनी काम पुढे नेलं. 1907 मध्ये टाटा कंपनी स्थापन झाली. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांजवळच्या साकची गावात कारखाना उभा राहिला आणि 1912 मध्ये पोलाद निघू लागलं. 1919 मध्ये साकचीचं नाव जमशेदपूर झालं. दल्ली-राजहराच्या खनिजावर पुढे 1959 मध्ये भिलाईची भट्टी पेटली.

प्रमथनाथ स्वतः मात्र शिक्षणाकडे वळले. 1906 मध्ये ते बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य झाले. त्याच संस्थेच्या परंपरेतून आजचं जादवपूर विद्यापीठ घडलं. 1934 मध्ये रांचीला त्यांचं निधन झालं.

आता वर्गात काय विचाराल? पहिला प्रश्न : नुसतं खनिज असून भागतं का? नाही. लोखंड, कोळसा, पाणी, रेल्वे आणि माणसं एकत्र आली तरच कारखाना चालतो. लोहारा मागे पडलं आणि साकची पुढे गेली, त्याचं कारण हेच. दुसरा प्रश्न जरा अवघड आहे : खाण एका जिल्ह्यात आणि कारखाना दुसरीकडे असेल, तर पैसा कुठे राहतो? मयूरभंजच्या आदिवासी गावांतून खनिज गेलं, शहर मात्र साकचीला वाढलं. खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान असावं अशी तरतूद कायद्यात आली ती 2015 मध्ये, म्हणजे शतकभरानं. आज गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज निघतंय, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारात आहे.

तिसरी गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. धान्य पुन्हा पिकतं, खनिज पुन्हा पिकत नाही. दल्ली-राजहराचे साठे आता ओसरत चालले आहेत आणि भिलाईची नजर रावघाटच्या डोंगराकडे वळली आहे. खाण चालू असतानाच तिथल्या गावात शाळा, दवाखाना आणि हाताला दुसरं कौशल्य आलं, तर खाण संपल्यावरही गाव उभं राहतं.

पुढच्या वेळी मुलं नकाशात ठिपका रंगवतील, तेव्हा त्या ठिपक्याजवळच्या एका गावाचं नावही त्यांना शोधायला लावा.