मामा वरेरकर : वास्तवाचा रंगमंच

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निसर्गवादाने युरोपीय रंगभूमीचे रूप पालटले. माणसाला त्याची आनुवंशिकता व परिस्थिती घडविते. म्हणून नाटकात तो आपल्या खऱ्या परिसरासह दिसला पाहिजे, असा एमिल झोला यांचा आग्रह होता. आंद्रे आंत्वान यांनी १८८७ मध्ये पॅरिसला ‘थिएत्र लिब्र’ काढून तो प्रत्यक्षात आणला. या प्रवाहाशी जवळचे नाते असलेल्या इब्सेनच्या नाटकांनी कोकणातील एका टपाल कर्मचाऱ्यास वाट दाखविली. ते भार्गवराम विठ्ठल तथा मामा वरेरकर होत.

मामांचा जन्म २७ एप्रिल १८८३ रोजी चिपळूण येथे झाला. ‘कुंजविहारी’ हे त्यांचे पहिले नाटक पौराणिक वळणाचे होते. पुढे मात्र त्यांनी भोवतालच्या संसाराकडे दृष्टी वळविली. ‘हाच मुलाचा बाप’मध्ये हुंड्याचा व्यवहार आला, ‘तुरुंगाच्या दारात’मध्ये अस्पृश्यतेचा प्रश्न आला, तर ‘सोन्याचा कळस’मध्ये गिरणी कामगार रंगमंचावर उभा राहिला. बापूराव पेंढारकरांच्या ललितकलादर्श मंडळीने १९२२ मध्ये ‘सत्तेचे गुलाम’ सादर केले, तेव्हा चित्रकार पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने रंगविलेल्या पडद्यांऐवजी खरीखुरी वाटावी अशी खोली प्रेक्षकांपुढे उभी केली.

ही वाट सोपी नव्हती. प्रेक्षक गाण्यांसाठी येत आणि नाटक मंडळ्यांचा चरितार्थ त्यांवरच चाले. त्यामुळे मामांना पदांशी तडजोड करावी लागली. प्रश्न मांडण्याच्या भरात त्यांची पात्रे कधी कधी प्रचारकाच्या भाषेत बोलू लागतात, हा आक्षेपही निराधार नाही. झोलांना अभिप्रेत असलेला काटेकोर निसर्गवाद त्यांच्या नाटकांत नाही. तरीही राजवाड्यात रमलेल्या नाटकाला त्यांनी चाळीच्या जिन्यापर्यंत आणले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणली, त्याआधी ही जमीन नांगरली गेली होती.

राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असताना २३ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांपासून दूर, पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला आज ही नाटके मुख्यतः छापील पानांतूनच भेटू शकतात. नाटक मंडळ्यांचे तंबू केव्हाच उठले. त्यांतला संसार जपण्याचे काम आता ग्रंथालयांकडे आले आहे.